मालकाने शिकवलेला कुत्रा आणि स्पर्धेची पात्रता

संरक्षण-श्वान क्रीडेत कुत्र्याच्या तीन परीक्षा होतात: माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण. तिसऱ्या परीक्षेत कुत्रा जाड बाही चढवलेल्या माणसावर धावून जातो, बाही तोंडात पकडतो आणि एका शब्दावर सोडून देतो. छायाचित्रे बहुधा याच क्षणाची निघतात. त्यामुळे जो कुत्रा जास्त रागीट, तो या खेळाला जास्त लायक, असा समज सहज होतो. नियमपुस्तक वाचल्यावर तो टिकत नाही. कुत्र्याला मैदानात कधी उतरू द्यायचे याच्या अटींपैकी दातांचा संबंध फार थोड्यांशी येतो. बाकीच्या सगळ्या अटी त्याचे वय, त्याची ओळख, गर्दीतले त्याचे वागणे आणि पट्ट्याचे दुसरे टोक धरणारा माणूस यांच्याबद्दल आहेत.

हा खेळ मुळात जर्मन शेफर्ड जातीच्या पैदाशीसाठी जन्मला. माक्स फॉन श्टेफानिट्स या निवृत्त घोडदळ अधिकाऱ्याने 1899 मध्ये या जातीची संघटना स्थापन केली आणि दोन वर्षांत, 1901 मध्ये, कामाची पहिली परीक्षा भरवली. नुसते दिसणे पाहून पैदास केली तर कामाचे गुण हरवतात, हा त्यामागचा विचार. ‘शुट्झहुंड’ या जर्मन नावाने ओळखली जाणारी ती परीक्षा पुढे इतर कामकरी जातींना खुली झाली. 1911 मध्ये स्थापन झालेल्या ‘एफसीआय’ या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या छत्राखाली तिला ‘आयपीओ’ आणि 2019 पासून ‘आयजीपी’ हे नाव मिळाले. तिच्या 1, 2, 3 अशा चढत्या पायऱ्या आहेत.

खराडीसारख्या ठिकाणी या नियमांचा अर्थ काय, हे पाहणे उपयोगाचे आहे. 1997 मध्ये पुणे महापालिकेत आलेले मुळा-मुठेच्या काठचे हे गाव आज ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि त्यांच्या भोवती उभ्या राहिलेल्या उंच सोसायट्यांचे उपनगर आहे. अशा सोसायट्यांत जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन आणि अलीकडे बेल्जियन मॅलिनॉय पाळणाऱ्या माणसाकडे पोलीस खात्यासारखी यंत्रणा नसते. नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळच्या वेळात तो स्वतःच कुत्र्याला शिकवतो. अशी जोडी स्पर्धेला पात्र ठरते का?

पुण्यात कामाच्या कुत्र्यांची मोठी परंपरा आहे, पण ती सरकारी. मुंबई पोलिसांचे श्वानपथक 1959 मध्ये तीन डॉबरमनांनिशी सुरू झाले. 1993 च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो आरडीएक्स शोधून देणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडोर पुण्यातच, शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला होता. त्याचे काम वासावरून स्फोटके हुडकण्याचे. चावण्याशी त्याचा संबंध नव्हता. पोलिसांच्या व्यवस्थेत कुत्रा सरकारी मालमत्ता असतो आणि त्याला हाताळणारा खात्याचा कर्मचारी. अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीटमधल्या श्वानस्पर्धाही पोलीस दलांसाठीच असतात. घरच्या कुत्र्याला तिथे वाव नाही. खासगी मालकाचा रस्ता क्लबातून जातो.

एफसीआयच्या चाचणीत भाग घ्यायचा तर हँडलर म्हणजे कुत्रा हाताळणारा माणूस संलग्न राष्ट्रीय संघटनेच्या एखाद्या क्लबचा सदस्य असावा लागतो. भारतात ही संघटना म्हणजे चेन्नईत मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया, बोलण्यात ‘केसीआय’. पुण्यातल्या पूना केनेल कॉन्फेडरेशनसारखे शहरोशहरीचे क्लब आणि जातवार क्लब त्याच्याशी जोडलेले आहेत. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की नियम हँडलरबद्दल बोलतात. तोच मालक असला पाहिजे, अशी सर्वसाधारण अट नाही. एखाद्याने दुसऱ्याचा कुत्रा मैदानात आणला तरी चालतो. मात्र एका चाचणीत एका माणसाला जास्तीत जास्त दोनच कुत्रे उतरवता येतात, म्हणजे डझनभर कुत्रे घेऊन येणाऱ्या व्यावसायिकाला आपोआप लगाम बसतो.

जातीच्या बाबतीत नियम सामान्य समजुतीपेक्षा बराच उदार आहे. आयजीपीच्या क्लब पातळीवरच्या चाचणीत जात, वंशावळ किंवा आकार यांवरून कोणाला नाकारता येत नाही. कुत्र्याला शारीरिकदृष्ट्या सगळे व्यायाम झेपले पाहिजेत, एवढेच. कागद नसलेला, दत्तक घेतलेला संकरित कुत्राही तत्त्वतः पात्र आहे. मराठवाड्यातला कारवान किंवा सीमेपलीकडच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळसुद्धा नाव नोंदवू शकतो. तो बाही पकडण्यात रस घेईल का, हा वेगळा प्रश्न. हे कुत्रे नजरेने सावज हेरून पळणारे शिकारी आहेत आणि ससा त्यांना माणसाच्या बाहीपेक्षा केव्हाही जास्त आवडतो.

हे औदार्य वरच्या पातळीवर मात्र संपते. एफसीआयच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मान्य वंशावळ असलेलाच कुत्रा चालतो. पातळी बदलली की नियम बदलतो तसा खेळ बदलला तरी बदलतो. फ्रान्समधल्या ‘फ्रेंच रिंग’ प्रकाराला आधीपासूनच वंशावळीचा आग्रह आहे. नेदरलँड्समध्ये 1907 पासून चालत आलेल्या ‘केएनपीव्ही’त याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. तिथे कागद नसलेले संकरित मेंढपाळ कुत्रे भरपूर असतात. साधे नागरिक फावल्या वेळात त्यांना तयार करतात, पोलिसांच्या धर्तीवरची पदवी मिळवून देतात आणि मग त्यांतले बरेच कुत्रे खरोखर पोलिसांना विकले जातात. अमेरिकेतली ‘पीएसए’ ही 2001 पासूनची संघटनाही सर्व जातींना आणि संकरांना दार उघडे ठेवते, पण पहिल्या पायरीआधी एक प्रवेशपरीक्षा घेते. त्यामुळे कुत्रा विकत घेण्याआधी कोणता खेळ खेळायचा हे ठरवलेले बरे. कागद नसलेले पिल्लू स्वस्त पडते, पण काही दारे त्याला कायमची बंद असतात.

वंशावळ नसली तरी ओळख मात्र लागतेच. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असते आणि तिच्यावर पंधरा अंकी क्रमांक असतो. काही देशांत त्याऐवजी कानात गोंदलेला क्रमांक चालतो. चाचणीच्या दिवशी परीक्षक किंवा त्याचा मदतनीस यंत्राने क्रमांक वाचतो आणि तो कुत्र्याच्या कामगिरी-पुस्तिकेशी जुळवून पाहतो. क्रमांक वाचता आला नाही तर कुत्रा उतरत नाही. चिप वाचता येईल अशी ठेवणे ही मालकाची जबाबदारी मानली जाते. एका कुत्र्याच्या नावावर दुसराच कुत्रा उतरवण्याचा मोह टाळण्यासाठी हा नियम आहे. केसीआयच्या नोंदणीपत्रावरही चिपचा क्रमांक असतो, त्यामुळे नोंदणीकृत पिल्लाच्या मालकाला वेगळी खटपट करावी लागत नाही. चाचणीत मिळालेले गुण, पदवी किंवा अपात्रता हे सगळे त्याच पुस्तिकेत परीक्षकाच्या सहीने नोंदले जाते. नापास झालेला दिवसही पुसता येत नाही.

वयाच्या अटींना अपवाद नाहीत. प्राथमिक चाचणीसाठी चाचणीच्या दिवशी 15 महिने पूर्ण असावे लागतात, आयजीपी 1 साठी 18, दुसऱ्या पायरीसाठी 19 आणि तिसरीसाठी 20. एक दिवस कमी भरला तरी परवानगी नाही. मोठ्या जातींची हाडे आणि सांधे भरायला वर्ष-दीड वर्ष लागते. उंच उडी, तिरपी भिंत चढणे आणि वेगाने धावून बाही पकडणे यांचा ताण कोवळ्या शरीरावर पडू नये, हा हेतू उघड आहे. मनाचेही तसेच आहे. आठ महिन्यांच्या पिल्लाला जोरजोरात धमकावून ‘धाडस’ शिकवणारे शिक्षक अजून सापडतात. अशा कुत्र्याची भीती पुढे आक्रमकता बनून बाहेर येते आणि नेमकी प्राथमिक चाचणीत ती उघडी पडते. आजारी किंवा लंगडणारा कुत्रा, गाभण दिसणारी किंवा पिलांना पाजणारी मादी यांना प्रवेश नाही. माजावर आलेल्या मादीला मात्र बाद करत नाहीत, तिला सगळ्यांच्या शेवटी उतरवतात.

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे ती प्राथमिक चाचणी. तिचे जर्मन आद्याक्षरांवरून पडलेले नाव ‘बीएच’. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय संरक्षणाच्या परीक्षेचे दार उघडतच नाही आणि तिच्यात चावण्याचा एकही व्यायाम नाही. पहिल्यांदाच उतरणाऱ्या हँडलरला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते: कुत्र्याचे वागणे, आरोग्य, नियम. मग कुत्र्याची स्वभावपरीक्षा होते. परीक्षक जवळ येतो, चिप वाचतो, कुत्रा दबतो का, गुरगुरतो का ते पाहतो. इथेच चिडलेला किंवा घाबरलेला कुत्रा पुढे जात नाही. त्यानंतर मैदानावरचे आज्ञापालन येते. यात 60 पैकी किमान 42 गुण हवेत. दोन कुत्रे एकाच वेळी मैदानात असतात. एक मालकाबरोबर चालण्याचे व्यायाम करतो, तेव्हा दुसरा मालकापासून दूर, सोडलेल्या अवस्थेत निमूट पडून राहतो.

तिसरा भाग रस्त्यावर होतो. लोकांचा घोळका, मागून येणारा सायकलस्वार, हॉर्न वाजवणारी मोटार, धावत जाणारा माणूस, समोरून येणारा दुसरा कुत्रा या सगळ्यांतून कुत्रा सैल पट्ट्यावर शांतपणे गेला पाहिजे. शेवटी त्याला एका जागी बांधून मालक नजरेआड होतो आणि दुसरा माणूस कुत्रा घेऊन जवळून जातो. या भागाला गुण नसतात. परीक्षकाचे समाधान झाले की नाही एवढेच. खराडी-चंदननगरच्या रस्त्यावर संध्याकाळी कुत्रा फिरवणाऱ्याला हे सगळे रोज फुकट मिळते, वर भटक्या कुत्र्यांची टोळीही मिळते. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरल्यावर न गुरगुरणारा, वॉचमनकडे दुर्लक्ष करणारा, डिलिव्हरीच्या मुलावर न झेपावणारा कुत्रा या चाचणीच्या निम्म्या वाटेवर आलेला असतो. सोसायटीच्या गॅलरीतून दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकून ‘राखणदार’ म्हणून नाव मिळवलेला कुत्रा बहुधा इथेच अडखळतो.

पुढच्या टप्प्यात बंदुकीच्या आवाजाची पारख होते. आज्ञापालनाच्या परीक्षेत बिनगोळीची दोन काडतुसे उडवली जातात. आवाजाने दचकून पळणारा किंवा आवरेनासा होणारा कुत्रा तत्काळ बाद होतो. लक्ष देणारा, पण जागा न सोडणारा चालतो. दिवाळीत पलंगाखाली दडणाऱ्या कुत्र्याला जबरदस्तीने फटाक्यांजवळ नेऊन हे साधत नाही. आवाजाची ओळख पिल्लूपणीच, दुरून आणि खेळता खेळता करून द्यावी लागते. गणपतीतल्या ढोलपथकांचा सराव लांबून ऐकवणे हा पुण्यातला बरा मार्ग म्हणता येईल.

प्रत्यक्ष आयजीपीत प्रत्येक भागाला 100 गुण असतात आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे किमान 70 मिळवावे लागतात. संरक्षणात 95 आणि माग काढण्यात 65 मिळवणारा कुत्रा नापासच. ही अट मालकाने शिकवलेल्या कुत्र्यांसाठी फार महत्त्वाची आहे, कारण हौशी माणसाचा सगळा उत्साह बाहीवर असतो आणि माग काढणे मागे पडते. पहिल्या पायरीत हँडलरने स्वतः किमान 300 पावले चालून माग पाडायचा आणि 20 मिनिटांनी कुत्र्याने तो नाक जमिनीला लावून काढायचा असतो. तिसऱ्या पायरीत माग अनोळखी माणसाचा, 600 पावलांचा आणि तासाभराचा जुना असतो. वाटेत ठेवलेल्या वस्तू दाखवाव्या लागतात. यासाठी गवताळ माळ किंवा नांगरलेले रान लागते. ते खराडीत आता उरलेले नाही; वाघोली-केसनंदच्या पुढे जाऊन, शेतमालकाची परवानगी काढूनच हा सराव होऊ शकतो.

संरक्षणाच्या भागातही अपात्र ठरण्याचे नियम चावण्यापेक्षा सोडण्यावर जास्त भर देतात. बाही चढवलेला माणूस, म्हणजे ‘हेल्पर’, गादी गुंडाळलेल्या काठीने धमकावतो, पळतो, हल्ला करतो आणि मग स्तब्ध उभा राहतो. तो थांबल्यावर कुत्र्याने बाही सोडली पाहिजे. एका आज्ञेवर सोडली तर उत्तम. आणखी दोनदा सांगण्याची मुभा असते, पण गुण कापले जातात. तरीही न सोडणारा कुत्रा बाद. हेल्परच्या बाहीखेरीज इतरत्र चावा घेणारा, मालकाच्या आज्ञेबाहेर जाणारा, हेल्पर दिसेपर्यंत मालकाजवळ न थांबणारा, यांनाही घरची वाट धरावी लागते. परीक्षक कुत्र्याची जिद्द, आत्मविश्वास आणि दडपण सोसण्याची ताकद यांची वेगळी नोंद करतो, आणि भ्यालेल्या कुत्र्याचा कडकडाट त्याला फसवत नाही.

आता मूळ प्रश्न: कुत्रा कोणी शिकवला, याची चौकशी होते का? पदवीसाठी होत नाही. परीक्षकासमोर त्या दिवशी उभी असलेली जोडी एवढेच त्याचे क्षेत्र. प्रशिक्षकाकडे सहा महिने ठेवून तयार करून घेतलेला, परदेशातून आयजीपी 3 पदवीसह विकत आणलेला आणि घरी पिल्लापासून वाढवलेला असे तिन्ही कुत्रे एकाच अटींवर उतरतात. पैशाने पदवी विकत घेता येते, हा हौशी मालकांचा जुना सल. त्यावर काही क्लबांनी, विशेषतः अमेरिकेत, वेगळा मान ठेवला. ‘हँडलर, ओनर, ट्रेन्ड’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘हॉट’ म्हणतात. ज्या माणसाने कुत्रा पाळला, शिकवला आणि मैदानात हाताळला तो एकच असेल तर या वर्गातल्या बक्षिसाला तो पात्र. अशा क्लबांच्या अजिंक्यपद स्पर्धेत सर्वसाधारण विजेत्याबरोबर ‘हॉट’ विजेताही जाहीर होतो.

हा मान कागदावर जेवढा सोपा दिसतो तेवढा नाही. आज्ञापालन आणि माग काढणे माणूस एकट्याने शिकवू शकतो, पण संरक्षण एकट्याने शिकवता येत नाही. पट्टा धरणारा वेगळा आणि बाही चढवून समोर उभा राहणारा वेगळा, हे असावेच लागते. स्वतःच्या कुत्र्याला स्वतःच्या अंगावर सोडून शिकवणे धोक्याचे आणि चुकीचेही. तेव्हा ‘मालकाने शिकवलेला’ याचा अर्थ कोणाची मदत न घेता शिकवलेला असा होऊच शकत नाही. म्हणून व्यवहारात दोन गोष्टी तपासल्या जातात: प्राथमिक चाचणीपासून पुढच्या सगळ्या पदव्या याच हँडलरने या कुत्र्याबरोबर मिळवल्या का, आणि त्याआधी कुत्रा दुसऱ्याच्या हाताखाली तयार झाला होता का. पहिलीचा पुरावा निकालांच्या नोंदींत मिळतो. दुसरी बव्हंशी मालकाच्या शब्दावर चालते. क्लबातल्या अनुभवी माणसाने सल्ला दिला, चार सरावांत पट्टा धरून दाखवला, तर मान जात नाही; कुत्रा त्याच्या घरी ठेवून तयार करून घेतला तर जातो. सीमारेषा थोडी धूसर राहतेच आणि तिच्यावरून वादही होतात.

चाचणीच्या मैदानात अन्न, खेळणी, काटेरी पट्टा किंवा विजेचा पट्टा चालत नाही. साध्या कड्यांची गळसाखळी एवढेच साहित्य. जर्मनीत 2022 पासून काटेरी पट्टा सरावातही बेकायदा आहे आणि कान किंवा शेपूट कापलेल्या कुत्र्याला तिथल्या स्पर्धांत बंदी आहे. पुण्यात डॉबरमनचे कान ‘रुबाबदार दिसावेत’ म्हणून कापून घेणाऱ्या मालकाने युरोपच्या मैदानाचे स्वप्न पाहिले असेल, तर ते त्याच दिवशी संपते.

देशातला कायदाही पात्रतेचाच भाग धरायला हवा. मार्च 2024 मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने 23 जातींच्या पैदाशीवर व विक्रीवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली. त्यात रॉटवायलर आणि पिट बुल होते. जर्मन शेफर्ड, डॉबरमन आणि मॅलिनॉय नव्हते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता परिपत्रक काढले म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ते रद्द केले. जात कोणतीही असो, कुत्र्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आणि रेबीजची लस आवश्यक आहेच. क्लबची पदवी यातल्या कशातूनही सूट देत नाही.

युरोपात उतरायचे असेल तर वेळेचा हिशेब लवकर मांडावा लागतो. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, हा क्रम उलटा झाला तर लस ग्राह्य धरत नाहीत. लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून प्रतिपिंडांची पातळी प्रतिमिलिलिटर किमान 0.5 एकक असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला नमुना घेतल्यापासून आणखी तीन महिने थांबावे लागते. लसीपासून प्रवासापर्यंत चार महिने हातात हवेत, आणि 20 महिन्यांच्या कुत्र्यासाठी हा हिशेब सोळाव्या महिन्याच्या आतच सुरू करावा लागतो.